भाजीत मीठ कोणी घालायचं?

शंभर इंची पडद्यावर मराठी बातम्यांची पळती पट्टी पाहिल्याशिवाय कुणी प्रोजेक्टरचा व्हिडिओ प्रोसेसर, म्हणजे प्रोजेक्टरकडे जाणारं चित्र वाटेत सुधारणारा महागडा डबा, घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवर निमूट सरकणारी ती अक्षरं इथे कंगव्यासारखे दात काढून हसतात. दोष वृत्तवाहिनीचा नाही, निदान या बाबतीत तरी नाही. एचडी चॅनल बहुधा १०८०आय येतो, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन अर्ध्या चित्रांत एक पन्नासांश सेकंदाचं अंतर असतं आणि तेवढ्यात ‘ब्रेकिंग’मधला ‘ब्रे’ पुढे निघून गेलेला असतो. दोन्ही अर्धुकं तशीच एकमेकांत विणली की दात दिसतात.

हे विणकाम नीट, दात न दिसता करायला घरात आधीच तीन उमेदवार असतात: सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर (स्पीकर चालवणारा आणि चित्र पुढे पाठवणारा अँप्लिफायर) आणि प्रोजेक्टर. घोळ असा, की तिघेही चित्राला हात लावतात. सून भाजीत मीठ घालते, सासूला वाटतं राहिलं, आजेसासू न विचारता चिमूटभर टाकते आणि जेवणारा पाण्याचा तांब्या शोधतो. बॉक्स चित्र ताणून फोर-के करतो, रिसीव्हर त्याच्या कडा धारदार करतो, प्रोजेक्टर त्या कडांनाच तपशील समजून आणखी कोरतो. शेवटी निवेदकाभोवती संतांच्या फोटोत असते तशी प्रभावळ उमटते.

म्हणून चौथा शहाणा विकत आणण्याआधी या तिघांची परीक्षा घ्यावी. बॉक्स १०८०आयवर ठेवा, रिसीव्हर पासथ्रूवर (चित्र जसं आलं तसं पुढे), म्हणजे विणेल प्रोजेक्टर; पट्टी बघा. मग बॉक्स १०८०पीवर, म्हणजे बॉक्सच विणून पूर्ण चित्र पाठवेल; पुन्हा पट्टी. मग बॉक्स परत १०८०आयवर, विणायचं काम रिसीव्हरला, तिसऱ्यांदा पट्टी. क्रिकेट चालू असेल तर तिरकी दिसणारी सीमारेषा बघा. पायऱ्या दिसल्या तर तो उमेदवार नापास. पैठणीचा काठ थरथरला तरी नापास. जो पास होईल त्याला काम द्या, बाकी दोघांची शार्पनेस उतरवा. कीस्टोनसुद्धा बंद. प्रोजेक्टर वाकडा टांगायचा आणि चित्र आकड्यांनी सरळ करायचं, म्हणजे मोजून घेतलेले पिक्सेल फेकून देणं. स्टूल घ्या, वर चढा, स्क्रू फिरवा.

सिनेमाचा आजार वेगळा, औषध मात्र फुकट. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. स्ट्रीमिंगची कांडी ६० हर्ट्झवर अडकलेली असली तर ती एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवते आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरला की चित्र एसटीसारखं हिसके देतं. कांडीत ‘मॅच फ्रेम रेट’ असतं, ते चालू करा. प्रोजेक्टरमधलं ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच रचणं, हा यावर उपाय नव्हे. त्याने कोट्यवधींचा सिनेमा संध्याकाळी साडेसातच्या मालिकेसारखा दिसतो.

महागडा डबा खरा कामाला येतो तो एचडीआरला, म्हणजे गडद आणि झगझगीत यांत मोठं अंतर ठेवून बनवलेल्या चित्राला. गणित करून बघा. १२० इंची पडदा २.६६ बाय १.४९ मीटर, म्हणजे जवळपास ४ चौरस मीटर. माहितीपत्रकात प्रोजेक्टरचा उजेड २५०० ल्युमेन. सिनेमा मोड लावून, दिवा थोडा थकल्यावर, १२०० धरा. बाराशे भागिले चार, भागिले ३.१४: साधारण ९५ निट्स (पडद्यावर दिसणारी चकाकी), तेही पडद्याचा गेन, म्हणजे उजेड परत फेकायची ताकद, १ असेल तर. सिनेमा मात्र १००० निट्सच्या मॉनिटरवर रंगवलेला, काही तर ४००० च्या. हजाराची पंगत ९५ पानांत बसवायची. हेच टोन मॅपिंग. साधा प्रोजेक्टर एचडीआर १० (एचडीआरचा नेहमीचा प्रकार) सिनेमासोबत आलेल्या चिठ्ठीवरचा ‘४०००’ हा एकच आकडा वाचतो आणि पहिल्या फ्रेमपासून सगळ्यांना अर्धं वाढतो. म्हणून मेणबत्तीच्या प्रसंगात नायिका शोधावी लागते. डायनॅमिक टोन मॅपिंग प्रत्येक फ्रेमला पानं मोजतं.

जेव्हीसीने २०१९मध्ये आपल्या फोर-के प्रोजेक्टरांत हे आतच दिलं. तसा प्रोजेक्टर असेल तर खिशाला हात लावू नका. नसेल तर विंडोजचा संगणक, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आणि मॅडव्हीआर हे सॉफ्टवेअर हा मार्ग आहे. स्वस्त आहे, पण मग सिनेमा सुरू होण्याआधी ‘अपडेट होत आहे, ३७ टक्के’ हे वाचायची तयारी हवी. ल्युमाजेन रेडियन्स प्रो किंवा मॅडव्हीआर एन्व्ही हे तयार डबे घेणाऱ्यांना मी वाकून नमस्कार करतो. किंमत हजारो डॉलर, वर आयातकर. त्या पैशांतले काही हजार रुपये आधी गडद, मॅट रंगावर घालवा. पांढऱ्या भिंती पडद्याचाच उजेड पडद्यावर परत फेकतात आणि काळा रंग राखाडी करतात. त्यावर कुठलाच डबा चालत नाही.

डबा आलाच तर दोन गोष्टी बघायच्या. एक, तो विचार करायला वेळ घेतो, म्हणून आधी आवाज येतो आणि मग ओठ हलतात. रिसीव्हरमध्ये आवाजाला तेवढे मिलिसेकंद थांबवा. दोन, काळ्या-पांढऱ्याची पातळी. एक यंत्र काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ म्हणतं आणि दुसरं ० ते २५५ ऐकतं, तेव्हा काळा कोट धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतो. उलटं झालं तर कोटाची बटणंच गायब.

राहता राहिली केबल. फोर-के, ६० हर्ट्झ, एचडीआर म्हटलं की सेकंदाला १८ गिगाबिट लागतात. सात-आठ मीटरच्या पुढे तांब्याची एचडीएमआय कुरकुरते: पडद्यावर चांदण्या लुकलुकतात, मध्येच सगळं काळं. तिथे ऑप्टिकल केबल. तिला दिशा असते, एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं, आणि ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात. पाइपातून ओढल्यावर, प्लास्टर मारायच्या आधी, एकदा दोन्ही टोकं जोडून चित्र लावा. गवंडी हसेल. हसू द्या.