1 स्टार रिव्ह्यूला उत्तर : पडल्याचं उशिरा कळवलं ही चूक आमचीच, झोपेच्या गोळ्यांचं मात्र खरं नाही

ताई, नमस्कार. पुण्यात धायरीचं हे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं केंद्र मी चालवते, आधी 14 वर्षं हॉस्पिटलमध्ये सिस्टर होते. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं पण तेव्हा मला राग आला होता म्हणून ते खोडलं, आज शांतपणे लिहितेय. तुमचं नाव, आईंचं नाव, त्यांचे रिपोर्ट यातलं काहीही इथे लिहिणार नाही, तुम्ही रिव्ह्यूमध्ये काढलेल्या मुद्द्यांवरच बोलते. आणि सगळ्यात आधी एक सांगते, रिव्ह्यू कसाही असो, आई आमच्याकडेच आहेत आणि त्यांच्या काळजीत त्याने एका चमच्याचाही फरक पडणार नाही, ही धाकधूक मनातून काढून टाका.

तुम्ही लिहिलंय, आई पहाटे पडली आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. हे खरं आहे. चूक आमची आहे, माफी मागते. पहाटे 3:40 ला त्या पलंगाशेजारी खाली बसलेल्या दिसल्या, सिस्टरने बीपी, शुगर, हातपाय सगळं तपासलं, कुठे लागलं नव्हतं, मग "एवढ्या रात्री घरच्यांना कशाला उठवायचं, सकाळी सांगू" असं तिने ठरवलं आणि फोन गेला 11 वाजता. पण तुम्ही न्यू जर्सीत आहात, आमच्या 3:40 ला तुमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली होती, तुम्ही जाग्या होतात! आणि आम्ही 11 ला फोन केला तेव्हा तुमच्याकडे रात्रीचा दीड. म्हणजे तुम्हाला उठवायचं नाही म्हणून थांबलो आणि बरोब्बर मध्यरात्री उठवलं. हे मला तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर हिशोब केला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं, मीच हे आधी बघायला हवं होतं.

आता नियम असा केलाय की कोणीही पडलं, लागलेलं असो नसो, अर्ध्या तासात घरच्यांना फोन. नर्सिंग स्टेशनवर दुसरं घड्याळ लावलंय, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेचं, कारण आमच्या 26 जणांपैकी 9 जणांची मुलं तिकडेच आहेत. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेलं माणूस पडलं तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि ते म्हणाले तर सीटी स्कॅन, कारण अशा लोकांना डोक्यात हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. रात्री 3 मावश्या आणि 1 सिस्टर असायच्या, या महिन्यापासून चौथी मावशी घेतलीय.

तुम्ही विचारलंय की पलंगाला रेलिंग का नव्हतं लावलं. हे मुद्दाम आहे ताई. विसरायचा आजार, म्हणजे डिमेन्शिया, असलेल्या माणसाला रात्री बाथरूमला जायचं असलं की ते रेलिंग बघून थांबत नाही, त्याच्यावरून चढून पलीकडे उतरायला बघतं आणि मग पडतं ते जास्त उंचीवरून. खुब्याचं हाड मोडायची भीती त्यात जास्त. म्हणून अशांचा पलंग आम्ही एकदम खाली घेतो, बाजूला जाड गादी टाकतो. त्या रात्री गादी टाकलेली होती, म्हणूनच लागलं नाही. कमी पडलं ते एवढंच की 3 वाजताची लघवीची फेरी उशिरा झाली, आणि आई स्वतःच निघाल्या.

आता झोपेच्या गोळ्या. "दिवसभर गुंगीत ठेवतात म्हणजे स्टाफला त्रास नको" असं तुम्ही लिहिलंय. हे मला मान्य नाही, अजिबात नाही. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसांना शांत ठेवायला ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने 2005 मध्येच तशी सगळ्यात कडक वॉर्निंग दिलेली आहे. आमच्याकडे अशी कुठलीही गोळी डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय आणि घरच्यांना विचारल्याशिवाय सुरू होत नाही. औषधांचं रजिस्टर आहे, कोणी कधी काय दिलं त्याची सही आहे, तुम्ही कधीही मागा, मी पानंच्या पानं फोटो काढून पाठवते. म्हातारं माणूस अचानक सुस्त झालं, असंबद्ध बोलायला लागलं, तर आम्ही आधी लघवीचं इन्फेक्शन आणि सोडियम तपासायला पाठवतो, बऱ्याचदा त्यातलंच काहीतरी निघतं, आणि घरचे तोवर समजतात की डोकं गेलं किंवा गोळ्या दिल्या.

वजनाचं बोलू. 7 महिन्यांत 5 किलो कमी झालं हे बरोबर आहे, आमच्याच रजिस्टरमध्ये आहे, दर महिन्याच्या 1 तारखेला वजन होतं. पण ते रजिस्टरमध्येच राहिलं, तुम्हाला कोणी कळवलं नाही, तुम्ही मे महिन्यात आलात आणि आईचे खांदे बघून हादरलात. कळवायला हवं होतं. आता 1 तारखेचं वजन त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर जातं, सगळ्यांना.

पण "पोटभर जेवायला देत नाहीत" हे कसं मान्य करू? या आजारात माणूस पुढे पुढे चावायचंच विसरतं, घास गालात धरून तसंच बसून राहतं, घाईने दुसरा घास दिला की ठसका लागतो, आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, खूप जण त्यातच जातात. म्हणून आमच्याकडे भरवताना पाठ सरळ, मान किंचित खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळलेला दिसेपर्यंत पुढचा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका वाटीला 40-45 मिनिटं लागतात. गुरगुट्या भात आणि वरण, नाचणीची आंबील, मुगाचं मऊ धिरडं दुधात कुस्करून, वर तुपाची धार, असं थोडं थोडं दिवसातून सहा वेळा. तरीही आजार पुढे गेला की वजन उतरतं. मग लोक विचारतात नाकातून नळी घाला ना, काही जणांना स्ट्रोकनंतर थोडे दिवस नळी लागते आणि ती घालावीच, पण डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही, अमेरिकेतल्या जेरियाट्रिक्स सोसायटीनेही, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही, 2014 मध्ये हेच सांगितलंय की नळीपेक्षा हाताने, सावकाश भरवा. तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना जरूर विचारून बघा.

आणि इथेच मला तुमच्या एका वाक्याचं सगळ्यात जास्त लागलं. "अडाणी बायकांच्या ताब्यात आईला दिलं". ताई, माझ्याबद्दल काय हवं ते लिहा, मावश्यांबद्दल असं लिहू नका. कोणी बीडची आहे, कोणी नांदेडची, कोणाचं शिक्षण आठवीपर्यंत, हे खरं. पण आई मार्चमध्ये दोन दिवस घासच चावत नव्हत्या, डॉक्टर येऊन गेले, फिजिओ येऊन गेले, शेवटी दुपारच्या मावशीने काय केलं, स्वतःची वाटी घेतली, आईंच्या समोर स्टूल टाकून बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत स्वतः घास खाल्ला, चावून दाखवला. तिसऱ्या घासाला आईंचा जबडा हलायला लागला. मी दारात उभी राहून बघत होते. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तेव्हापासून ती स्वतःचं जेवण आईंच्या बरोबरच घेते. रात्रीच्या मावश्या दर दोन तासांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची कूस बदलतात, एअर बेड असला तरी बदलतात, गेल्या सव्वा वर्षात इथे आल्यावर कोणालाही नवीन बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झालेलं नाही, ते या बायकांच्या हातांमुळे.

गाऊनचं मान्य. दुसऱ्या आजींचा गाऊन आईंच्या अंगावर होता, मार्करने लिहिलेली नावं धुवून धुवून गेलीत. तुम्ही लिहिलंय की आई आयुष्यभर इस्त्रीच्या सुती साडीत राहिली, ते वाचून मी परत विचार केला. डायपर असतो आणि पदरात पाय अडकायची भीती असते म्हणून आम्ही सरसकट गाऊन घालतो, सोयीचं पडतं, पण सोय आमची होती हेही खरंय. आता कपड्यांवर दोऱ्याने नाव शिवून घेतोय, आणि आईंच्या दोन साड्या आमच्या शिंपीकाकांकडे दिल्यात, शिवलेली साडी, कमरेला वेलक्रो, पायघोळ नाही. गुरुवारी आणि रविवारी नेसवू. तुम्हाला नको असेल तर सांगा.

बिलातला डायपरचा आकडा वेगळा का, तर रोज किती लागतील ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून मोजून लावतो, मोजणीचा कागद बिलाबरोबर जोडायला सांगितलंय. तरीही समाधान झालं नाही आणि बाहेर तक्रार करावीशी वाटली तर ज्येष्ठ नागरिकांची सरकारी हेल्पलाईन आहे, 14567, जरूर करा, मी अडवणार नाही की मनात धरणार नाही.

आता फोन. "संध्याकाळी बोलू देत नाहीत" असं लिहिलंय. तुम्ही सकाळी साडेनऊला कामाला बसण्याआधी फोन करता, तेव्हा आमच्याकडे सात वाजलेले असतात, दिवेलागण. नेमकी तीच वेळ आईंची सगळ्यात वाईट. अंधार पडायला लागला की या आजारात माणसं सैरभैर होतात, "घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील, स्वयंपाक व्हायचाय" असं सुरू होतं, त्यात फोनमधून आवाज येतो पण माणूस दिसत नाही म्हणून त्या अजून घाबरतात, मग रात्रभर झोप नाही. म्हणून आम्ही 6 ते 8 फोन देत नाही. पण हे असं नीट कोणी समजावलं नाही तुम्हाला, नुसतं "आत्ता नाही" म्हणून ठेवून दिलं, ते चुकलं.

सकाळी साडेसातला आई चहा पिऊन व्हरांड्यात उन्हात बसतात, तेव्हा त्या सगळ्यात छान असतात, हसतात, कधीकधी माहेरच्या विहिरीचं सांगतात. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की नऊ. चालेल का? रविवारपासून सुरू करू, व्हिडिओ कॉल, पहिले काही दिवस मी स्वतः फोन धरून शेजारी बसेन. फक्त एक, "मला ओळखलंस का, सांग मी कोण" असं विचारू नका, त्यांना आठवत नाही आणि मग त्या ओशाळतात. आल्या आल्या तुमचं घरातलं नाव सांगा आणि सरळ विहिरीचं विचारा.