गुन्हे मागे घेतले, म्हणजे नेमकं काय झालं?

महाराष्ट्रात आंदोलन मिटतं तेव्हा मागण्यांच्या यादीत एक ओळ हमखास असते: आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्या. मराठा आरक्षण असो, शेतकऱ्यांचा रास्ता रोको असो, की भीमा कोरेगावनंतरचा २०१८ चा बंद. मंत्री शब्द देतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पोरांची आयुष्यं वाचली. दुसरी म्हणते, एसट्या फोडणाऱ्यांना बक्षीस मिळालं. इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून मी या चर्चा यूट्यूबवर ऐकतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सरकार बोललं की खटला संपला.

तसं होत नाही. गृह विभागाच्या जीआरमध्ये आधी अटी असतात: जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. समिती प्रकरणं तपासते. मग सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३६० आहे. आरोप निश्चित होण्याआधी संमती मिळाली तर माणूस आरोपमुक्त होतो, नंतर मिळाली तर निर्दोष सुटतो. हा आदेश होईपर्यंत जीआर म्हणजे नुसता कागद.

माझ्या चुलतभावाच्या मुलाचं नाव असंच एका रास्ता रोकोत आलं होतं. त्याला मास्टर्सला इकडे यायचंय. फोनवर म्हणाला, "काका, पेपरात आलंय की, गुन्हे मागे घेतले म्हणून." मी विचारलं, कोर्टाच्या आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल आहे का? नव्हती. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर केस नंबर टाकून बघितलं तर पुढची तारीख तशीच झळकत होती. पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत हीच तारीख आडवी येते. आणि ब्रिटिश व्हिसाच्या अर्जात प्रलंबित खटल्याबद्दल थेट प्रश्न असतो, तिथे पेपरातलं कात्रण चालत नाही.

आता इथलं बघा. कागदावर इंग्लंडचा कायदा आपल्यापेक्षा ढिला आहे, हे कबूल केलं पाहिजे. १९८५ च्या कायद्यानुसार मॅजिस्ट्रेट कोर्टातला खटला सरकारी अभियोक्ता नुसती नोटीस देऊन थांबवू शकतो, कोर्टाची संमती लागत नाही. पण त्याला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: शिक्षा होण्याइतका पुरावा आहे का, आणि असला तरी खटला चालवणं लोकहिताचं आहे का? खटला सोडला तर पीडिताला तसं कळवावं लागतं. २०११ मध्ये अपील कोर्टाने एका निकालात पीडिताला फेरविचार मागण्याचा हक्क आहे असं म्हटलं आणि २०१३ पासून त्याची रीतसर योजनाच आहे. तीही परिपूर्ण नाही. अभियोक्त्याने 'पुरावा देत नाही' असं एकदा कोर्टात सांगितलं की आरोपी निर्दोष ठरतो, मग फेरविचारात चूक दिसली तरी पीडिताच्या हाती फक्त माफीचं पत्र. त्यातून गंभीर गुन्हे चालतात त्या क्राउन कोर्टात तुंबलेले खटले ७० हजारांच्या पुढे गेलेत. तेव्हा इंग्लंडचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

तरी फरक जाणवतो, कारण इथे मंत्री सभेत खटले सोडत नाही. आपल्याकडेही कायद्याची अपेक्षा हीच आहे की सरकारी वकिलाने स्वतःचं डोकं वापरावं. केरळ विधानसभेत २०१५ मध्ये आमदारांनी मोडतोड केली, पुढे त्यांचं सरकार आलं आणि खटला मागे घ्यायचा अर्ज झाला. खालच्या कोर्टापासून सगळ्यांनी तो फेटाळला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. पुढच्याच महिन्यात आदेश आला की खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत. म्हणजे कोर्टांनी आपलं काम केलं. पण तो अर्ज लिहिणाऱ्या वकिलाचं काय?

रस्त्यावर बसलेल्या पोरांना वर्षानुवर्षं तारखांना पळवू नये, या मताचा मी आहे. असले खटले लवकर सुटावेत. पण एकेका केसमागचं कारण लिहून जाहीर व्हावं, जत्रेत प्रसाद वाटावा तसं सरसकट नको. नव्या कलम ३६० मध्ये एक तरतूद आली आहे, जिच्याबद्दल आपल्या चर्चांमध्ये मी अजून एक शब्द ऐकलेला नाही: पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घेऊ द्यायचा नाही. दगड डोक्यात बसलेला एसटीचा चालक किंवा काच फुटलेला टपरीवाला, यांना आता विचारावंच लागेल. पुढचा जीआर निघाला की एखाद्या पत्रकाराने तालुक्याच्या कोर्टात जाऊन एवढंच बघावं: त्या चालकाला नोटीस निघाली का, आणि तो आला तेव्हा त्याचं ऐकून घेतलं का.