व्यापारी इंग्रजी आडनावे आणि एक चुकीचा दावा

इंग्लंडच्या राजाने करवसुलीसाठी प्रजेला धंद्यावरून आडनावे नेमून दिली, त्यामुळे चॅपमन, मर्सर, ड्रेपर (कापड-व्यापारी) ही आडनावे लावणारे सगळे व्यापाऱ्यांचे वंशज, एका आडनावाचे सगळे एका कुळातले, आणि हीच इंग्लंडची जातिव्यवस्था, असा मजकूर समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. यातले एकही विधान टिकत नाही.

राजाज्ञा कधी निघालीच नव्हती. १०६६मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या तीन-चार शतकांत आडनावे हळूहळू रुळली, आधी जमीनदारांत आणि मग सामान्यांत. गावात चार जॉन असले की नेमका कोणता, हे कळावे म्हणून शेजारी किंवा कारकून जे विशेषण जोडत, तेच पुढे मुलांना चिकटले. करवसुलीच्या याद्यांत ही नावे उतरली, पण याद्यांनी ती जन्माला घातली नाहीत.

वंशाचा दावा अधिक बारकाईने तपासायला हवा, कारण त्यात अर्धे सत्य आहे: आडनाव ज्याला पहिल्यांदा पडले, तो बहुधा तो धंदा करत असे. मात्र आडनाव वंशपरंपरेने चालू लागले की धंदा बदलला तरी ते बदलत नसे. कवी जेफ्री चॉसरचे आडनाव पादत्राणे करणाऱ्याचे, पण त्याचे वडील लंडनमध्ये मद्याचा व्यापार करत. उलट रेशीम-मखमलीसारख्या उंची कापडाचा व्यापारी, म्हणजे मर्सर, म्हणून ज्याने दुसऱ्या रिचर्डच्या दरबाराला माल पुरवला आणि जो १३९७पासून अनेकदा लंडनचा महापौर झाला, त्या रिचर्ड व्हिटिंग्टनचे आडनाव गावावरून आलेले होते.

एकाच कुळाची कल्पना तर चॅपमन या एका नावानेच मोडते. खरेदी-विक्री करणारा कोणीही चॅपमन. मोठा सौदागरही आणि दारोदार हिंडणारा फेरीवालाही. बाजार भरणाऱ्या कोणत्याही गावात हे नाव स्वतंत्रपणे पडू शकत होते, आणि तसे ते पडलेही.

राहिली जातीची तुलना. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विषमता होती, भूदासही होते. परंतु आडनावावरून ना धंदा ठरत होता, ना लग्न. शहरातल्या व्यापारी संघात शिरण्याची एक मोठी वाट म्हणजे एखाद्या सभासदाकडे अनेक वर्षे उमेदवारी करणे. ग्लॉस्टरशरमधल्या जमीनदाराचा धाकटा मुलगा असलेला व्हिटिंग्टन याच वाटेने मर्सर झाला, आणि मर्सर आडनावाच्या मुलाला ड्रेपराच्या हाताखाली काम शिकायला आडनावाची आडकाठी नव्हती.