खोबरेल: नमुना ब

परदेशी निघालेल्या आईबापांच्या मोठ्या बॅगा त्यांच्या नसतातच, त्या लेकीच्या असतात. आम्हा दोघांना मिळून चार बॅगा नेता येत होत्या, प्रत्येकी २३ किलोच्या. त्यात भडंग गेलं, तासगावचा बेदाणा गेला, वर्षभराची हळद, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि जावयांना भाकरी आवडते म्हणून ज्वारीचं पीठ. (आवडते असं लेक सांगते. जावई काही बोलत नाहीत.) काटा २३ वर टेकला आणि आमच्या वाट्याला हातातली बॅग तेवढी उरली. लेकीनं फोनवर बजावलं, "आई, वाटेत आखातात आठ तास थांबायचंय. ब्रश, तेल, क्रीम सगळं हातातल्या बॅगेत ठेव. आणि ते शंभर मिलीचं बाबांना सांगू नकोस, तूच बघ."

पण फोन स्पीकरवर होता.

आमचे हे साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेत. उसाच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे रसात साखर वगैरे किती विरघळलीय ते, काढण्यात उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून घरात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे मिलीलिटर हा शब्द कानावर पडताच माळ्यावरून काचेचा मेजरिंग सिलिंडर खाली आला. तो माळ्यावर होता हे मला त्या दिवशी कळलं.

हातातल्या बॅगेचा नियम तसा साधा आहे. पातळ, मऊ, चिकट, फसफसणारं असं जे काही असेल ते शंभर मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको. अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, तोंड बंद होणाऱ्या पिशवीत मावल्या पाहिजेत आणि माणशी पिशवी एकच. बाटलीत माल किती आहे हे बघत नाहीत, बाटली केवढी आहे हे बघतात. दोनशेच्या बाटलीत तळाला चमचाभर उरलं असलं तरी ती दोनशेचीच.

"हे शास्त्रात बसत नाही," हे म्हणाले. "आमच्याकडं टाकी केवढी यावर हिशेब नसायचा, टाकीत रस किती यावर असायचा."

शास्त्रात बसत नसलं तरी त्यामागे कारण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एक कट उधळला. शीतपेयाच्या बाटल्यांत द्रव स्फोटकं भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायचा बेत होता. त्यानंतर काही आठवडे तिथल्या विमानांत हातातून काहीच पातळ नेता येईना. बाळाचं दूधसुद्धा आईनं आधी चाखून दाखवायचं. मग शंभर मिलीची सवलत निघाली आणि नोव्हेंबरात ती युरोपभर लागू झाली. म्हणजे आपण ज्याला जाच म्हणतो ती मुळात सवलत आहे. हे मी सासूबाईंना सांगून पाहिलं.

"ते असू दे," त्या म्हणाल्या. "खोबरेल किती घेतलंस?"

"तिकडं मिळतं की हो."

"तिकडचं तेल तिकडच्या डोक्यांना."

जानेवारी होता. सांगलीत पहाटे नदीकडून असा गारठा येतो की न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली दगड होऊन बसते आणि सासूबाई ती ओट्यावर उन्हात उभी करतात. यांनी ती बाटली उचलली, उलटी केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. सांगलीत पहाटे ते घट्ट. मुंबईत दुपारी पातळ. विमानतळाच्या एसीत चार तास बसलं की पुन्हा घट्ट व्हायला लागणार. मग नियम त्याला नेमका कुठल्या अंशाला पकडणार?

"पहाटेच तपासून घ्या म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या. घरात सगळ्यात सरळ डोकं त्यांचंच चालतं.

पण तसं होत नाही. घट्ट दिसलं तरी हे लोक ते पातळातच धरतात. टूथपेस्ट पातळ, मध पातळ, जॅम पातळ.

"लोणी?"

"पातळ."

"तूप? थिजलेलं?"

"तेही पातळ, आई."

"आणि श्रीखंड?"

श्रीखंडाबद्दल हे पहिल्यांदाच गप्प झाले. रात्री दहाला त्यांनी दिवा लावून पुन्हा फोनवर काहीतरी वाचलं आणि मला उठवून सांगितलं, "श्रीखंडही."

बाटल्यांचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. लेक म्हणत होती, प्रवासी बाटल्यांचा संच मिळतो, गुलाबी रंगाचा. कशाला? आपल्याकडे खोकल्याच्या औषधाची बाटली बहुतेक शंभर मिलीचीच येते आणि ती फेकून द्यायची रीत आमच्या घरात नाही. तपकिरी, घट्ट झाकणाच्या, वर माप घ्यायची टोपी. फडताळातून निघाल्या, गरम पाण्यानं धुतल्या गेल्या, आणि यांनी सिलिंडरनं मोजून एकीत शॅम्पू, एकीत खोबरेल, एकीत माझं हातापायाचं लोशन असं भरलं. शंभरच्या बाटलीत नव्वदच भरायचं, वर जागा सोडायची, कारण प्रवासात काठोकाठ भरलेली बाटली झाकणातून पाझरते. हे मात्र खरं आहे आणि कुणीही करावं.

त्यांनी मग सवयीनं एक गोष्ट केली. प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी लावून काळ्या पेनानं लिहिलं: नमुना अ. नमुना ब. नमुना क. खाली तारीख आणि सही.

मी आपली शॅम्पूच्या पुड्यांच्या बाजूची होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात झालरीसारख्या लटकतात त्या. प्रत्येकीत सहाएक मिली, रुपया-दोन रुपये, वापरा आणि विसरा. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी महागडा शॅम्पू पुडीत भरून गरिबाच्या न्हाणीघरात पोचवला, तेव्हा तो विमानातही चालावा असा काही त्यांचा विचार नसणार; पण विमानाच्या नियमात याहून चपखल बसणारी वस्तू जगात निघालेली नाही. तिच्यात खोट एकच. ओल्या हातानं ती फाटत नाही, दातानं फाडावी लागते, आणि मग पहिला घास शॅम्पूचा. तरी मी एक अख्खी माळ पिशवीत कोंबली. शेवटी ती पिशवी शनिवारच्या शेवटच्या एसटीसारखी झाली: आणखी एकाला जागा आहे असं सगळे म्हणत होते, दार मात्र लागत नव्हतं.

लेकीचा पुन्हा फोन. आता काही ठिकाणी नवे स्कॅनर बसलेत, एडिंबराला तर दोन लिटरपर्यंत चालतं म्हणे.

"एडिंबरा पेठ नाक्यावरून लागत नाही," हे म्हणाले आणि कामाला लागले.

काम म्हणजे टूथपेस्ट. आपल्याकडे तिच्या नळीवर मिलीलिटर नसतात, ग्रॅम असतात. आमची १२० ग्रॅमची. यांनी हिशेब मांडला: टूथपेस्ट पाण्यापेक्षा जड, घनता साधारण १.३, तेव्हा १२० भागिले १.३ म्हणजे ९२ मिलीलिटर. नियमात चोख. कागदावर भागाकार करून त्याची घडी पाकिटात ठेवली, लागला तर असावा म्हणून.

आणि सासूबाईंनी न विचारता बॅगेच्या कप्प्यात लाल दंतमंजनाचा डबा सरकवला. ते कोरडं, त्याला मिलीलिटरची भीती नाही. पण यांचं समाधान होईना, कारण अमेरिकेला जाणाऱ्या विमानात २०१८ पासून भुकटीवरही डोळा असतो. ३५० मिलीच्या वर असली तर वेगळी काढून तपासतात. म्हणून मंजन सिलिंडरमध्ये ओतलं गेलं. सैल भरलं तर १८०, टिचक्या मारून बसवलं तर १४०. कुठला आकडा धरायचा यावर आमचं जेवण गार झालं.

मुंबईच्या विमानतळावर रांग बरी होती. आमच्या पुढच्या ट्रेमधून कंदी पेढ्यांचे दोन डबे गेले, त्यावरून पोरगा साताऱ्याचा हे ओळखलं. पेढे कुणी हलवूनही पाहिले नाहीत. घन पदार्थाचा मान असतो. आमची पिशवी मात्र यंत्रातून बाहेर आली आणि बाजूच्या पट्ट्यावर वळली.

जवानानं तपकिरी बाटल्या एकेक उचलून उजेडात धरल्या. चिकटपट्टी वाचली. मग मान वर केली.

"ये नमूना किसका है?"

मी यांच्याकडे बोट दाखवलं.

पुढचा काही वेळ मी बाजूला उभी राहून ऐकत होते. साखर कारखाना, ब्रिक्स, खोबरेलाचा वितळणबिंदू. जवानानं झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा सैल पडला. खोबरेलाचा वास देशात कुणाला ओळखावा लागत नाही. नमुने सुटले. पण टूथपेस्टच्या नळीवर त्याला १२० दिसलं आणि तो म्हणाला, सौ से ज्यादा.

यांनी पाकिटातून कागद काढला.

जवानानं तो शांतपणे पाहिला, भागाकार बरोबर आहे असंही म्हणाला, आणि नळी टोपलीत टाकायला घेतली. यांनी एक मिनिट मागितला, बॅगेतून आमचे दोन्ही ब्रश काढले आणि तिथेच उभं राहून त्यावर टूथपेस्टचे लांबच लांब पट्टे घातले. मागची रांग हे सगळं आदरानं बघत होती. पट्टे दोन मिनिटांत ब्रशच्या टोप्यांना चिकटले ते वेगळं.

आखातात उतरलो तेव्हा पहाटेचे चार. तो सातारकर पोरगा आमच्याच समोर बसला होता, तोंड वाकडं करून. थोड्या वेळानं उठून आला.

"काका, टूथपेस्ट हाय का ओ? माझी मुंबईतच काढून घेतली. दीडशेची होती."

"दीडशे भागिले एक पूर्णांक तीन," हे म्हणाले, "एकशे पंधरा. तुझी बरोबर घेतली."

मी मंजनाचा डबा पुढे केला. दोघं त्या संगमरवरी न्हाणीघराकडे गेले आणि बऱ्याच वेळानं लाल दातांनी हसत परत आले. पोरानं पिशवी उघडून पेढ्यांचा एक डबा आमच्या हातात ठेवला. यांनी तो तळहातावर तोलला.

"अर्धा किलो," ते म्हणाले. "मंजन आपण दिलं दोन चिमट्या. त्याला आणखी थोडं दे."