सिम्नेलला माफी, मग खऱ्या एडवर्डला शिक्षा कशाची?

इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचा पहिला राजा हेन्री सातवा किती उदार होता, हे सांगायचं म्हटलं की लॅम्बर्ट सिम्नेलची गोष्ट हमखास निघते. गादीवर हक्क सांगणारा तोतया पोरगा हाती लागला, तरी राजाने त्याचा जीव घेतला नाही, उलट मुदपाकखान्यात कामाला ठेवला. हे कौतुक वाचलं की मला राग येतो. कारण ज्याच्या नावाने हा पोरगा उभा केला होता, तो खरा मुलगा तेव्हा जिवंत होता आणि त्याच राजाच्या कैदेत होता.

त्याचं नाव एडवर्ड, वॉरिकचा अर्ल. चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड या दोन राजांचा पुतण्या. ऑगस्ट 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड पडला, हेन्री गादीवर आला आणि या पोराला लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या किल्ल्यात, डांबलं. वय वर्षं दहा. गुन्हा एकच, वंशावळीत त्याचं नाव हेन्रीपेक्षा गादीच्या जवळ होतं.

दीडेक वर्षात ऑक्सफर्डच्या एका पाद्र्याने साधारण त्याच्याच वयाचा सिम्नेल पढवून तयार केला आणि आयर्लंडला नेला. 24 मे 1487 रोजी डब्लिनच्या क्राइस्ट चर्चमध्ये त्याचा चक्क राज्याभिषेक झाला. मुकुट कुठून आणायचा? मेरीमातेच्या मूर्तीच्या डोक्यावरचा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला, असं सांगतात. पोरगं गर्दीत दिसेना, म्हणून एका धिप्पाड माणसाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं.

आता या बंडामागची माणसं बघा. बरगंडीची मार्गारेट ही खऱ्या एडवर्डची सख्खी आत्या. तिने दोनेक हजार भाडोत्री जर्मन सैनिक पाठवले. लिंकनचा अर्ल त्याचा आतेभाऊ. हेन्रीने टॉवरमधल्या मुलाला बाहेर काढून लंडनमध्ये लोकांसमोर फिरवलं होतं, खरा वारस आमच्याकडेच आहे हे दाखवायला. सिम्नेल हा खरा एडवर्ड नाही, हे लिंकनला पक्कं ठाऊक होतं. तरीही तो त्याच्या बाजूने लढायला गेला. त्याचा स्वतःचाच डोळा गादीवर असावा, असं मला वाटतं. म्हणजे आप्तांनाही त्या मुलाचं फक्त नाव हवं होतं.

16 जून 1487 ला स्टोकच्या लढाईत सगळं संपलं. लिंकन मारला गेला, जर्मनांचा सेनापती मार्टिन श्वार्ट्झही. अंगावर चिलखतसुद्धा नसलेले आयरिश शिपाई बाणांखाली अक्षरशः कापले गेले. आणि सिम्नेल? शाही चुलीपुढे सळीला लावलेलं मांस फिरवत बसायचं काम त्याला मिळालं, पुढे राजाचे ससाणे सांभाळायचं. त्याला मारण्यात हेन्रीचा फायदाच नव्हता. हुतात्मा होण्यापेक्षा तो चुलीपुढे बसलेला दिसणं राजाला सोयीचं होतं. याला दया म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एडवर्ड मात्र आतच राहिला. तब्बल 14 वर्षं. माणसांपासून इतका तुटलेला, की त्याला हंस आणि कोंबडा यातला फरकही कळत नसे, असं नंतरच्या एका बखरकाराने लिहिलंय. शब्दशः खरं नसेलही, पण दहाव्या वर्षापासून भिंतींच्या आत वाढलेल्या माणसाचं काय होत असेल, हे त्यातून कळतं. हेन्रीची राणी एलिझाबेथ त्याची सख्खी चुलत बहीण होती. म्हणजे हा राजाचा मेहुणाच! तेही नातं कामी आलं नाही.

1499 मध्ये पर्किन वॉरबेक नावाचा दुसरा तोतयाही टॉवरमध्ये होता. दोघांनी मिळून पळून जायचा कट केला, असा आरोप ठेवला गेला. हा कट त्यांना अडकवण्यासाठीच शिजू दिला, असा संशय अनेक इतिहासकारांना आहे आणि मलाही तेच पटतं. कारण तेव्हा हेन्रीचा मुलगा राजपुत्र आर्थर आणि स्पेनची कॅथरीन यांच्या लग्नाचं चाललं होतं, आणि स्पेनला गादीवर दुसरा हक्कदार उरलेला नको होता. 23 नोव्हेंबरला वॉरबेकला फाशी दिली. 28 तारखेला टॉवर हिलवर एडवर्डचं शिर उडवलं. वय 24.

काही आठवड्यांतच स्पेनच्या वकिलाने मायदेशी कळवलं, की इंग्लंडमध्ये आता संशयास्पद राजरक्ताचा एक थेंबही उरलेला नाही. सिम्नेल तेव्हा जिवंत होता. तो वकिलाच्या हिशेबातच नव्हता.