पाण्याची लाइन सीआरझेडने अडवलेली नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एकदा तर आमच्याच वाडीच्या ग्रुपवर, आमच्याच फुटक्या पाइपच्या फोटोखाली. मजकूर असा: सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) कायद्यामुळे किनाऱ्यापासून पाचशे मीटरच्या आत खड्डासुद्धा खणता येत नाही. गावाची गंजलेली पाण्याची लाइन बदलायची तरी दिल्लीची परवानगी लागते. ती मिळायला वर्षं जातात. मध्ये कांदळवन आलं तर विषयच संपला. रिसॉर्टवाल्यांना मात्र सगळं मिळतं. तेव्हा गावकऱ्यांनो, लाइन जुनीच आहे, रात्रीत काम उरकून टाका.

मी गावच्या पाणीपुरवठा समितीत आहे आणि याच कामाची फाइल घेऊन फिरतो आहे. म्हणून हे लिहितो.

आधी आमचं दुखणं सांगतो. आमची मेन लाइन विहिरीकडून निघते, खाडीच्या काठाने खारबंधाऱ्याला लागून येते, एका ठिकाणी खाडीची फाट ओलांडते आणि समुद्राकडच्या वाडीत शिरते. लोखंडी पाइप, खाऱ्या मातीत पुरलेला. सकाळी तासभर पंप चालतो, मग बंद. पंप बंद झाला की उतारावरचं पाणी पुढे निघून जातं, पाइपात ओढ तयार होते आणि गंजलेल्या जोडांतून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. उधाणाच्या भरतीला ते बाहेरचं पाणी म्हणजे खाडी. दुसऱ्या दिवशी नळाची पहिली धार खारट, थोडी तांबूस. शेवटच्या घरातल्या काकी हंडा तसाच उंबऱ्यावर ठेवतात आणि मी दिसलो की एवढंच म्हणतात, “पाणी खारा लागता.” आवसेला आणि पुनवेला मी त्या वाटेने जायचं टाळू लागलो होतो. त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला समजतो, पण त्यातली माहिती चुकीची आहे आणि ती चूक आम्हाला महागात पडते आहे.

“पाचशे मीटरच्या आत खड्डाही नाही.”

पाचशे मीटर हा आकडा समुद्राकाठचा आहे आणि तो नियमनाचा पट्टा आहे, बंदीचा नाही. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६चा. त्याखाली किनाऱ्याची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ला निघाली, दुसरी २०११ला आणि आताची १८ जानेवारी २०१९ला. ग्रामीण किनारा सीआरझेड-३ मध्ये येतो. २०१९पासून त्याचे दोन भाग झाले. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला २१६१च्या वर असेल तर ३-अ, नाहीतर ३-ब. ३-अ मध्ये भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला साधारणपणे मनाई असलेला पट्टा; ३-ब मध्ये तो २०० मीटर. कोकणातली आमच्यासारखी विरळ वस्तीची गावं ३-ब मध्ये.

खाडीकाठाला तर पाचशेचा प्रश्नच येत नाही. भरतीचं पाणी शिरतं अशा खाडीला हा पट्टा काठापासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांत जे कमी असेल तेवढा. २०११च्या अधिसूचनेत हेच १०० मीटर होतं, आणि जिथे २०१९प्रमाणे किनारा आराखडा, म्हणजे हे पट्टे दाखवणारा नकाशा, मंजूर झालेला नाही तिथे जुनंच अंतर धरायचं. खाडी कुठवर धरायची तेही लिहिलेलं आहे: वर्षातल्या सर्वात कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता दर हजारी ५ भाग असेल तिथपर्यंत. आमची विहीर त्याच्या बरीच वर आहे. म्हणजे लाइनचा पहिला मोठा तुकडा सीआरझेडमध्ये येतच नाही, आणि हे गावात कोणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

उरला ना-विकास क्षेत्रातला तुकडा. इथे अधिसूचना काय म्हणते? स्थानिक रहिवाशांना लागणारे दवाखाने, शाळा, सार्वजनिक शौचालयं, पूल, रस्ते, पाणीपुरवठ्याच्या सोयी, सांडपाणी, स्मशानभूमी, वीज उपकेंद्र ही कामं प्रकरण पाहून राज्याचं किनारा व्यवस्थापन प्राधिकरण मंजूर करू शकतं. पाणीपुरवठा शब्दाने लिहिलेला आहे. शिवाय अधिकृत असलेल्या जुन्या बांधकामाची, आहे त्या आकारात, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करायला ना-विकास क्षेत्रातही वाट ठेवलेली आहे. भूजलाचंही तसंच. भरतीरेषेजवळ उपशावर बंधन आहे, पण स्थानिक वस्तीच्या वापराला त्यातून सूट आहे.

“परवानगी दिल्लीहून.”

हे अर्धं खरं. सीआरझेड-१ म्हणजे कांदळवनं, वाळूचे डोंगर, कासवांच्या विणीच्या जागा यांसारखे नाजूक भाग आणि भरती-ओहोटीमधला पट्टा. सीआरझेड-४ म्हणजे पाणी, त्यात भरतीच्या खाडीचं पात्रही आलं. या दोन ठिकाणच्या कामाचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे, राज्याच्या प्राधिकरणाच्या शिफारशीवर. सीआरझेड-३ मधलं साधं पाणीपुरवठ्याचं काम मात्र राज्यातच सुटतं. म्हणजे आमच्या लाइनला सबंध दिल्ली लागत नाही, खाडीची फाट ओलांडणाऱ्या तुकड्याला लागते.

पुलाच्या कडेला ब्रॅकेट मारून पाइप नेला की सुटलो, असं आम्हाला एका ठेकेदाराने सांगितलं होतं. पाइप पुलावरून गेला तरी नकाशावर तो खाडीवरूनच जातो, अर्जात तो दाखवावाच लागतो. फरक एवढाच की पात्रात आणि चिखलात खणणं टळतं, आणि तेच अर्जात ठळक लिहिता येतं.

“वर्षं जातात.”

जातात. आमचीही गेली. पण कशात गेली ते बघा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

अधिसूचनेप्रमाणे प्राधिकरणाने परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची असते, आणि पुढे मंत्रालयाकडे प्रकरण गेलं तर तिथेही ६० दिवस. “परिपूर्ण” हा शब्द आम्ही वाचलाच नव्हता. आमचा पहिला अर्ज म्हणजे गावनकाशाची झेरॉक्स आणि तिच्यावर लाल पेनाने ओढलेली रेघ. ग्रामसभेचा ठराव होता, सह्या होत्या, सरपंचांचं कळकळीचं पत्र होतं. भरतीरेषा मात्र कुठेच नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात तो कागद आठ महिने पडून राहिला आणि मग चार ओळींचं त्रुटीचं पत्र आलं. आठ महिन्यांचा दोष त्या कार्यालयाचा आहेच. चार ओळी आठ दिवसांत लिहिता येतात, आणि त्या वेळेत लिहिल्या असत्या तर एक उन्हाळा वाचला असता. पण त्या चार ओळी बरोबर होत्या. जो अर्ज परिपूर्ण नव्हता त्याचे ६० दिवस सुरूच झाले नव्हते.

लागतो तो नकाशा १:४००० प्रमाणाचा. त्यावर भरतीरेषा, ओहोटीरेषा, सीआरझेडचे पट्टे आणि त्यांवर आपली लाइन चढवलेली. तो केंद्राने ठरवून दिलेल्या संस्थांकडूनच घ्यावा लागतो. अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाची इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशा मोजक्या जागा. नकाशाला पैसे लागतात आणि छोट्या ग्रामपंचायतीला ते जड जातात. छोट्या नळपाणी योजनेला हा खर्च शासनाने उचलावा, किंवा तालुक्यातल्या दहा गावांचं काम एकत्र करून द्यावं, ही मागणी रास्त आहे आणि ती मी प्रत्येक बैठकीत करतो. मेसेजमध्ये ही मागणी असती तर मीच तो पुढे पाठवला असता.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरातली. काम कसं सरकतं? अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश. पाइपांचा ट्रक शाळेच्या मैदानात उभा राहिला की कोणीतरी विचारतं, “अरे, सीआरझेडचं काय?” तोवर ठेकेदाराची मुदत धावत असते, दर चढलेले असतात, आणि सगळा रोष त्या शेवटच्या कागदावर निघतो. जल जीवन मिशन २०१९ला आलं, माणशी दिवसाला ५५ लिटरचं उद्दिष्ट ठरलं. अंदाजपत्रकं करण्याची घाई झाली, आणि त्या घाईत आमच्या अंदाजपत्रकात नकाशाची ओळच नव्हती. लाइन आखतानाच किनारा आराखडा पुढ्यात घेतला असता तर आमची आखणीच वेगळी झाली असती.

“कांदळवन आलं तर विषय संपला.”

संपत नाही, पण इथे मेसेजवाल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त जपून चालावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. सार्वजनिक हितासाठी तोडणं अटळच असेल तर आधी न्यायालयाची परवानगी. ग्रामपंचायतीला हे पेलणारं नाही, सरळ सांगतो. म्हणून एकही झाड तोडावं लागणार नाही अशी लाइन आखायची, हाच शहाणपणा. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती जो ५० मीटरचा पट्टा असतो, त्यात मात्र सार्वजनिक सोयीसाठी पाइपलाइन टाकायला २०१९च्या अधिसूचनेत वाव आहे. फाटेखालून आडवं ड्रिलिंग करून पाइप ओढता येतो. मुळांना धक्का लागत नाही, वरून खणावं लागत नाही. महाग पडतं, पण फक्त तेवढ्याच तुकड्याला.

जागा वनखात्याकडे असेल तर आणखी एक कायदा आपल्या बाजूने आहे, आणि त्याचं नाव या मेसेजांत कधीच दिसत नाही. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). त्यातल्या तेरा सार्वजनिक सोयींच्या यादीत पिण्याचं पाणी आणि पाण्याची पाइपलाइन आहे. जागा एक हेक्टरच्या आत, झाडतोड हेक्टरी ७५च्या आत आणि ग्रामसभेची शिफारस, या अटींवर वनजमीन मिळू शकते. अर्थात कांदळवन तोडण्यावरची न्यायालयाची अट त्याने उठत नाही. पण लाइनच्या वाटेत नुसती वनखात्याची मोकळी पट्टी असेल तर हा मार्ग खूप जवळचा.

“रिसॉर्टवाल्यांना सगळं मिळतं.”

भरतीरेषेला टेकलेल्या भिंती मीही बघतो आणि मलाही चीड येते. पण कायदा गेला तर पहिला फायदा कोणाचा? १९८१मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवा. हा पाचशेचा आकडा तिथून आला. प्रत्येक नव्या अधिसूचनेत तो थोडा सैल होत गेला, आणि त्या सैलपणाचा उपयोग पाण्याच्या पाइपाला फारसा झालेला मी पाहिलेला नाही, कारण पाइपाला वाव आधीपासूनच होता. बेकायदा बांधकामाविरुद्ध तक्रार करायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. आपल्या जिल्ह्यात ते तीन कोण, हे गावाने विचारावं.

“रात्रीत उरकून टाका.”

या एका ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मध्ये आधी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आणला. दंड ग्रामपंचायतीवर बसला तर भरणार कोण? पाणीपट्टीतूनच जाणार. पण दंडापेक्षा मोठी भीती वेगळी आहे. जेसीबीने रात्री खारबंधारा उकरला आणि पुढच्या उधाणात तो तिथेच फुटला, तर आतली भातशेती खारी होते. एकदा खारावलेली खाचरं पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जातात. आणि घाईत पुरलेल्या पाइपाचे जोड कोण तपासतं? पाणी सोडून, दाब देऊन, रात्रभर ठेवून बघावं लागतं. ते न करता माती ओढली तर पुन्हा तेच. नवा पाइप, जुनं खारं पाणी.

आमच्या फाइलचे आता दोन भाग केले आहेत. विहिरीपासून खाडीच्या पट्ट्यापर्यंतचा तुकडा सीआरझेडबाहेर, त्याला या परवानगीची गरज नाही. वाडी आणि फाट यांचा अर्ज नव्या नकाशासह गेला आहे. पोच माझ्याकडे आहे, तिच्यावरची तारीख मी घरच्या कालनिर्णयवर मांडून ठेवली आहे आणि ६० दिवस मोजतो आहे. पहिल्या तुकड्याचा पाइप शाळेमागे येऊन पडला आहे, काळा, निळ्या पट्ट्यांचा. पोरं त्याच्या वेटोळ्यावर बसून मधल्या सुट्टीत डबे खातात. भात कापून झालं की खणायला सुरुवात.