पावती फाडली म्हणजे विषय मिटला?

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी चार ग्रुपवर तोच मेसेज आला. शाळेच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा, आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांचा आणि घरचा. घरच्या ग्रुपवर टाकणारा माझा भाचा, आणि खाली त्याची पुस्ती: "बघा ओ मामा, उगाच घाबरवता तुम्ही."

मेसेज असा. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय.

"सोलापूरकरांनो, ई-चलानला घाबरू नका. (१) कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नंबरवर येतं, लायसन्सला काही होत नाही. (२) दंड भरला की विषय संपला, रेकॉर्ड राहत नाही. (३) पंधरा दिवसांत नोटीस आली नाही, किंवा सहा महिने भरलं नाही, तर चलान आपोआप रद्द. (४) लोकअदालतीत निम्मं माफ होतंच. (५) लायसन्स काढून घेतलं तरी पोलिसाच्या पावतीवर गाडी चालवता येते. (६) पोरगं अठराच्या आतलं असेल तर बापाला पाचशे दंड, बाकी काही नाही. जनहितार्थ पुढे पाठवा."

मी मार्केट यार्डाजवळच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये कागद सांभाळतो. पासिंग, परमिट, इन्शुरन्स, चालकांची लायसन्सं. चलान हे माझं रोजचं दळण. वकील नाही, पण एक कागद चुकला की गाडी जागेवर उभी राहते, त्यामुळे कलमं वाचायची खोड लागली आहे.

सुरुवात दोन नंबरपासून करतो. खरी गोम तिथंच आहे.

"दंड भरला की विषय संपला." मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम २०० म्हणजे आपण चौकात किंवा मोबाईलवर भरतो तो तडजोडीचा दंड. पैसे भरा, कोर्टात जाऊ नका, एवढा त्याचा हेतू. २०१९ साली कायदा बदलला तेव्हा याच कलमात दोन वाक्यं वाढली, आणि ती फारसं कुणी वाचत नाही. पहिलं: दंड भरून मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी 'आधीचा गुन्हा' म्हणून मोजला जाईल. दुसरं: दंड भरला म्हणून कलम २०६(४) खालच्या लायसन्सच्या कारवाईतून सुटका होणार नाही.

पहिल्या वाक्याचा हिशोब सोपा आहे. किरकोळ गुन्ह्यांचं कलम १७७ पहिल्यांदा ५०० रुपये सांगतं, पुन्हा केलं तर १,५००. इन्शुरन्स नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा २,०००, पुढे ४,०००. दारू पिऊन चालवल्याबद्दल पहिल्यांदा १०,००० रुपये, पुन्हा सापडला तर १५,०००, तुरुंग वेगळाच. मागचं कुठंच राहत नसेल तर हे 'पुन्हा' मोजायचं कशावरून?

दुसऱ्या वाक्यातलं २०६(४) जास्त जड आहे. त्यात एक छोटी यादी दिलीय: वेगमर्यादा ओलांडणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, रस्त्यावर आणण्यालायक नसलेली गाडी चालवणं, दुचाकीवर तिघं, हेल्मेट नसणं, आणि रुग्णवाहिका-अग्निशमनच्या गाडीला वाट न देणं. धोकादायक चालवण्यात लाल सिग्नल तोडणं, हातात मोबाईल धरणं आणि उलट्या दिशेनं घुसणंही येतं. सात रस्त्याला सिग्नल पडायच्या आधी निघणाऱ्यांनी ही ओळ परत वाचावी. यांपैकी काही घडलं असं वाटलं तर पोलिसानं लायसन्स घेऊन आरटीओकडे पाठवायचं, असं कलम म्हणतं. आरटीओ तुम्हाला बोलावतं, तुमचं ऐकून घेतं, मग सोडून देतं किंवा कारणं लिहून पहिल्यांदा तीन महिने अपात्र ठरवतं. दुसऱ्यांदा तोच प्रकार झाला तर लायसन्सच रद्द. रद्द झालेल्यांची नावं जाहीर करण्याचीही मुभा आहे. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येतं, आणि हे मेसेजवाल्यानं लिहिलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

हेल्मेटचंच घ्या. कलम १९४ डी मध्ये १,००० रुपये दंड आहे, आपल्या राज्यात तडजोडीत ५०० घेतात. लोकांना ५०० आठवतात. त्याच वाक्यात पुढे 'तीन महिने लायसन्ससाठी अपात्र' असंही लिहिलंय. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेला कुकर, हे मला मान्य आहे. मीही घालताना शिव्या देतो.

हे एकदम आकाशातून पडलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीनं ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना कळवलं होतं, की अतिवेग, लाल सिग्नल, मोबाईल, दारू, जादा माल आणि मालगाडीत माणसं भरणं, या बाबतीत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. आणि १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे आरटीओनं अपात्र ठरवलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सची नोंद तारीखवार पोर्टलवर ठेवायची आहे. 'रेकॉर्ड राहत नाही' म्हणणाऱ्यानं निदान सारथी, म्हणजे लायसन्सचं सरकारी पोर्टल, उघडून बघावं.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीही घाबरवणाऱ्यांतला होईन. नवी पेठेत चुकीच्या जागी गाडी लावली, नंबरप्लेटवर 'आई' लिहिलं, यांनी खिसा हलका होतो. ही नावं २०६(४) च्या यादीत नाहीत. प्रत्येक चलानानं लायसन्स जातं असं सांगणारे मेसेजही फिरतात, आणि तेही तितकेच बोगस असतात.

आता पहिला मुद्दा. कॅमेऱ्याला गाडी दिसते, चालवणारा कोण ते कळत नाही, हे खरं आहे. चलान मालकाच्या नावावर निघतं हेही खरं. पण मेसेज इथंच थांबतो, आणि कायदा थांबत नाही. कलम १३३ प्रमाणे गाडी कोण चालवत होतं, त्याचं नाव-पत्ता आणि लायसन्सची माहिती पोलिसानं मागितली तर मालकानं द्यायची असते. मुद्दाम लपवली किंवा खोटी दिली तर कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद. आमच्यासारख्यांकडे पंधरा गाड्या असतात, कोणत्या दिवशी कोण होता ते ट्रिपशीटवर असतं, त्यामुळे आम्हाला सांगणं सोपं. घरच्या स्कूटीचं काय? मालक बाप, चालवणारी मुलगी, आणि दोघंही म्हणणार 'मी नव्हतो'. आणि चौकात हवालदारानं थांबवून मशीनमध्ये लायसन्सचा नंबर टाकला, तर गाडीचा नंबर हा मुद्दाच उरत नाही. त्या चलानावर तुम्हीच आहात.

पाचवा मुद्दा वाचून मात्र मला राग आला, कारण तो मी डोळ्यांनी बघितलाय.

आमचा एक चालक. नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे. पुणे रोडला गाडी चालवताना फोन कानाला लावलेला सापडला. दंड जागेवर भरला, लायसन्स पोलिसानं ठेवून घेतलं, हातात पावती दिली. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या मालाची भरती होती. पहाटे चावी मागायला आला, म्हणाला, "पावती आहे की ओ, काय होत नाही." पावतीवर २०६(४) लिहिलेलं बघून मी चावी दिली नाही. तो माझ्यावर दोन दिवस रुसला.

पावत्या दोन प्रकारच्या असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. याच कलमाच्या आधीच्या भागात, म्हणजे माणूस समन्स चुकवेल अशा शंकेवरून लायसन्स ठेवून घेतलं, तर त्याची तात्पुरती पोच दाखवून ते परत मिळेपर्यंत किंवा पोचेवरच्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, गाडी चालवता येते. मेसेजवाल्यानं बहुधा ही ओळ कुठून तरी ऐकली असावी. पण २०६(४) खाली घेतलेल्या लायसन्सची पोच गाडी चालवायची परवानगी देत नाही, असं तिथंच साफ लिहिलंय. कागद एकच दिसतो, त्यावर कलम कोणतं हे बघायचं असतं.

पुढे त्याला आरटीओनं बोलावलं, ऐकून घेतलं, आणि तीन महिने अपात्र ठरवलं. ते तीन महिने तो गोडाऊनमध्ये हमालांच्या याद्या लिहीत होता. पगार होता, पण ट्रिपचा भत्ता गेला, आणि चालकाचं घर भत्त्यावर चालतं. मुदत संपली म्हणून लायसन्स आपसूक परत येत नाही. आधी रिफ्रेशर कोर्स पूर्ण करावा लागतो, तो केल्यावरच मिळतं. अपात्र असताना गाडी चालवताना सापडला असता तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

माझ्या काळजीचं कारण मात्र वेगळं होतं. अपात्र माणूस स्टिअरिंगवर असताना कुणाला धडक बसली, तर कलम १५० मध्ये इन्शुरन्स कंपनीला हात वर करायला तेवढा आधार पुरेसा आहे. जखमीला पैसे द्यायला लावून नंतर मालकाकडून वसूल करा, असे आदेश कोर्टं देतात. म्हणजे पाचशे-हजाराच्या पावतीच्या भरवशावर गाडीमालकाचं घर पणाला. म्हणून चावी दिली नाही.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त पसरतं. पंधरा दिवस आले ते केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १६७ ए मधून. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला हा नियम कॅमेऱ्यांच्या चलानांचा, आणि त्यात देशातली १३२ शहरं नावानिशी दिली आहेत. महाराष्ट्रातली १९, त्यात सोलापूर आहे. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवायची असं त्यात आहे, कॅमेरा आहे हे सांगणारा फलक लोकांना दिसेल असा हवा, असंही आहे. सहा महिन्यांचा धागा दुसरीकडचा. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यावी, अशी मुदत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष. सिग्नल तोडणं त्या दुसऱ्या खान्यात बसतं.

ही दोन्ही कोर्टापुढे मांडायची कारणं आहेत. उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टालाच आहे. तुम्ही कॅलेंडरवर सहा महिने खोडले म्हणून कॉम्प्युटरमधलं चलान उडत नाही. जुनी गाडी विकायला काढा, घेणारा चहा यायच्या आत नंबर टाकून बाकी बघतो आणि तेवढे पैसे भावातून कापतो. चलान खरंच चुकीचं असेल, म्हणजे नंबर तुमचा पण फोटोत गाडी दुसऱ्याची, तर राज्याच्या ई-चलान पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. फोटो आणि आरसी जोडून तक्रार करा. आमच्या एका टेम्पोचा नंबर कुणीतरी मोटारसायकलला लावला होता, ते चलान असंच रद्द झालं.

लोकअदालत: तिथं तडजोड होते, कमी होऊही शकतं. पण 'निम्मं माफ' असा टक्का कायद्यात कुठंही नाही. एवढंच.

सहावा मुद्दा लिहिणाऱ्याला पोरं नसावीत. कलम १९९ ए प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण रोखायचा प्रयत्न केला होता, हे त्यानंच सिद्ध करायचं. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. जुळे सोलापुरात क्लास सुटायच्या वेळेला उभं राहून बघा, नववी-दहावीची पोरं ॲक्टिवावर तिघं-तिघं. त्यांतल्या एखाद्याला पुढं ड्रायव्हिंगवर पोट भरायचं असेल, तर पंचविशीपर्यंत त्यानं काय करायचं?

आणखी एक. मेसेजच्या शेवटी 'तुमचं चलान बघा' म्हणून एक फाईल होती, नावाच्या शेवटी एपीके. ती उघडू नका. अशा फाईलमधून फोनचा ताबा जातो आणि बँक खातं रिकामं होतं. चलान बघायला राज्याचं महाट्रॅफिक ॲप किंवा सरकारी परिवहन पोर्टल आहे, फाईल लागत नाही.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. तासभर शांतता. मग भाच्याचा वेगळा मेसेज, फक्त मला. त्यानं एमएच-१३ चा आपला नंबर टाकून बघितला होता. दोन निघाले. एक नो पार्किंगचं. दुसऱ्याचा फोटो त्यानं पाठवला: रंगभवन चौक, गाडीवर तिघं, डोक्यावर कुणाच्याच काही नाही, आणि चालवणाऱ्याचा चेहरा पासपोर्टच्या फोटोत येतो तितका स्वच्छ.

"मामा, हे त्या यादीतलं आहे का ओ?"

"दोनदा आहे," मी लिहिलं.